मेथडिस्टांचा तह आणि त्याची किंमत

नोव्हेंबर २०२५ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट संप्रदायाच्या बिशप मंडळाने जाहीर केले की, चर्चच्या घटनेत प्रादेशिक रचना आणणाऱ्या दुरुस्त्या जगभरातल्या वार्षिक कॉन्फरन्सनी, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या सभांनी, मंजूर केल्या आहेत. दोन तृतीयांश मतांची अट होती. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. यापुढे अमेरिका, आफ्रिका, युरोप आणि फिलिपिन्स इथल्या चर्चना पाळकपदाची दीक्षा कोणाला द्यावी, विवाहविधी कोणाचा लावावा यांसारखे नियम आपापल्या प्रदेशापुरते ठरवता येतील. समलिंगी व्यक्तींना दीक्षा द्यावी का, त्यांचे विवाह लावावेत का, या ज्या वादाने हे चर्च पन्नास वर्षे पोखरले, त्यावर अखेर तह झाला असे म्हणायला हरकत नाही. हा तह मला योग्य वाटतो. मात्र त्याच्या समर्थनार्थ जे कारण सर्रास पुढे केले जाते, म्हणजे प्रत्येक समाजाची संस्कृती वेगळी असल्याने चर्चचे नियमही वेगळे असावेत, ते कारण मला धोक्याचे वाटते. मेथडिस्टांनी ते पूर्वी वापरून पाहिले आहे, आणि त्याची किंमत प्रत्येक वेळी अशा माणसांनी मोजली आहे ज्यांना तह करताना कोणी विचारले नव्हते.

वादाचे मूळ १९७२ सालच्या अ‍ॅटलांटा इथल्या जनरल कॉन्फरन्समध्ये आहे. चार वर्षांनी एकदा भरणारी ही सभा चर्चची सर्वोच्च कायदेकारी संस्था आहे. तिच्यासमोर आलेल्या मसुद्यात समलिंगी व्यक्तीही देवाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत अशा आशयाचे विधान होते. सभागृहातून दुरुस्ती आली आणि त्याला शेपूट जोडले गेले की, समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे. गंमत अशी की, त्याच सभेने धर्मशास्त्रज्ञ अल्बर्ट आउटलर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एक निवेदनही स्वीकारले होते, ज्यात श्रद्धेचा विचार पवित्र शास्त्र, परंपरा, अनुभव आणि बुद्धी या चार आधारांवर करावा असे म्हटले होते. म्हणजे विचार कसा करायचा याची पद्धत आणि त्या पद्धतीतून न काढलेला निष्कर्ष, दोन्ही एकाच सभेने मंजूर केले. पुढे १९८४ मध्ये समलिंगी व्यक्तींना दीक्षा देण्यावर बंदी आली, मग समलिंगी विवाह लावण्यावर बंदी आली, आणि बंदी मोडणाऱ्या पाळकांवर चर्चच्या अंतर्गत न्यायसभा बसू लागल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका पाळकाने स्वतःच्या मुलाचा विवाह लावला, म्हणून २०१३ मध्ये त्याची दीक्षा काढून घेतली गेली. पुढच्या वर्षी अपिलात ती त्याला परत मिळाली. बाप म्हणून जे केले त्याबद्दल पाळक म्हणून शिक्षा, आणि तीही चर्चच्या नियमग्रंथातले कलम दाखवून. या प्रसंगानंतर अमेरिकेतल्या अनेक मेथडिस्टांना हा वाद केवळ तत्त्वाचा वाटेनासा झाला.

२०१९ च्या फेब्रुवारीत सेंट लुइस इथे खास अधिवेशन भरले. परंपरावाद्यांचा प्रस्ताव ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाला, बंदी अधिक कडक झाली, आणि त्याच अधिवेशनात एक बाहेर पडण्याचे कलमही नियमग्रंथात घालण्यात आले. ज्या मंडळीला, म्हणजे स्थानिक चर्चला, लैंगिकतेविषयीच्या भूमिकेमुळे सदसद्विवेकबुद्धीने चर्चमध्ये राहणे शक्य नाही, तिने २०२३ च्या अखेरपर्यंत ठराव करून आपली मालमत्ता घेऊन बाहेर पडावे, अशी ती सोय होती. ही सोय मुख्यतः हरलेल्या उदारमतवाद्यांना उपयोगी पडेल असा त्या वेळी अनेकांचा कयास होता. घडले उलटे. अमेरिकेतल्या अनेक बिशपांनी आणि कॉन्फरन्सनी बंदी अमलात आणायचे मनावर घेतले नाही, आणि मतदान जिंकलेले लोकच दार उघडून बाहेर पडले. सुमारे ७,६०० मंडळ्या, म्हणजे अमेरिकेतल्या एकूण मंडळ्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश, चर्चपासून वेगळ्या झाल्या. १ मे २०२२ रोजी ग्लोबल मेथडिस्ट चर्च या नव्या संस्थेची स्थापना झाली आणि बाहेर पडलेल्या मंडळ्यांपैकी बऱ्याच तिकडे गेल्या.

वर्तमानपत्रांनी हा आकडा छापला, पण प्रत्येक मंडळीत प्रत्यक्ष काय घडले याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मेथडिस्ट चर्चमध्ये इमारत आणि जमीन स्थानिक मंडळीच्या नावावर असली तरी ती संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६३ मध्ये प्रवचनगृहांसाठी जो नमुना दस्त तयार केला त्यात या कलमाचे मूळ आहे. उद्या एखाद्या गावच्या विश्वस्तांनी मनाला येईल त्याला व्यासपीठावर उभे करू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे बाहेर पडायचे तर या विश्वस्त कलमातून सुटका करून घ्यावी लागे, आणि तिची किंमत ठरलेली होती: वरिष्ठ संस्थांना द्यायच्या वर्गणीची दोन वर्षांची रक्कम, शिवाय निवृत्त पाळकांच्या पेन्शनच्या दायित्वातला मंडळीचा वाटा. मग एका संध्याकाळी सभासद बाकांवर बसत, वरिष्ठ अधिकारी अध्यक्षस्थानी असे, चिठ्ठ्या वाटल्या जात, आणि उपस्थितांपैकी दोन तृतीयांशांनी ‘बाहेर’ म्हटले की मंडळीचा निर्णय झाला. उरलेल्या एक तृतीयांशांपर्यंतच्या लोकांचे काय? त्यांचा बाप्तिस्मा त्याच कुंडापाशी झालेला, आईबाप बाजूच्या आवारात पुरलेले, प्रभुभोजनाचे प्याले त्यांच्या आजीने वर्गणी काढून घेतलेले. सकाळपर्यंत जे त्यांचे चर्च होते ते रात्री दुसऱ्या संप्रदायाचे झाले. जिथे ‘बाहेर’ हरले तिथे परंपरावादी कुटुंबांनी हेच सोसले. श्रद्धेचा प्रश्न म्हणून सुरू झालेला वाद खरेदीखत, विमा आणि ताळेबंदावर येऊन संपला, आणि दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी त्याला सदसद्विवेकबुद्धीचे नाव दिले.

मालमत्तेचे हे शस्त्र नवे नाही. फिलाडेल्फियात सेंट जॉर्ज चर्चमधल्या अपमानाला कंटाळून रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी बाहेर पडले आणि १७९४ मध्ये त्यांनी बेथेल चर्च उभे केले. त्या वास्तूवर गोरे मेथडिस्ट वर्षानुवर्षे हक्क सांगत राहिले, आणि १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने कौल दिल्यावरच तो तंटा संपला. त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. सध्याच्या फुटीवर लिहिणारे परंपरावादी हे उदाहरण आपल्या सोयीने देतात, पण अ‍ॅलन बाहेर पडले ते समान वागणूक मिळावी म्हणून, हे सांगायचे विसरतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रादेशिक नियमग्रंथ ही २०२५ ची कल्पना नाही. वेस्ली गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १७७४ मध्ये त्यांनी तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि १७९१ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून या लढ्यात खचू नका असे सांगितले. अमेरिकेत १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले तेव्हा सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत असा नियम होता. दक्षिणेत ओरड झाली आणि काही महिन्यांतच नियम स्थगित झाला. मग तडजोडींची मालिका सुरू झाली. १८०८ च्या जनरल कॉन्फरन्सने ठरवले की, साउथ कॅरोलायना कॉन्फरन्ससाठी नियमग्रंथाच्या एक हजार प्रती वेगळ्या छापाव्यात, आणि त्या प्रतींत गुलामगिरीविषयीचे प्रकरण नसावे. उत्तरेतल्या मेथडिस्टाच्या हातातल्या पुस्तकात गुलामगिरी पाप होती, दक्षिणेतल्या मेथडिस्टाच्या पुस्तकात ते पानच नव्हते. प्रदेशाची परिस्थिती वेगळी, तिथले कायदे वेगळे, तिथल्या लोकांची मने दुखवली तर सुवार्ता पोहोचणार नाही, ही सारी कारणे त्या वेळीही दिली गेली, आणि ती देणारे सगळेच ढोंगी नव्हते. पण ज्या माणसांविषयी ते प्रकरण होते त्यांना कोणी विचारले नाही.

छत्तीस वर्षांनी तह मोडला. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे वारशाने आणि विवाहाने गुलाम आले होते, आणि राज्याचा कायदा गुलामांना मुक्त करू देत नव्हता. १८४४ मध्ये न्यूयॉर्कच्या जनरल कॉन्फरन्सने त्यांना ही अडचण असेपर्यंत बिशपपदाचे काम थांबवायला सांगितले, आणि चर्च दुभंगले. मालमत्तेचा वाद याही वेळी न्यायालयात गेला. १८५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या प्रकाशनसंस्थेच्या निधीतला वाटा दक्षिणेला द्यायला लावला.

पुन्हा एकत्र यायला १९३९ उजाडले, आणि तेव्हाची युक्तीही प्रादेशिकच होती. देशाचे पाच भौगोलिक विभाग करायचे, प्रत्येकाने आपले बिशप आपण निवडायचे, म्हणजे उत्तरेचा बिशप दक्षिणेवर येणार नाही. सहावा विभाग भूगोलावर नव्हता. ‘सेंट्रल ज्युरिस्डिक्शन’ या निरुपद्रवी नावाखाली देशभरातल्या कृष्णवर्णीय कॉन्फरन्स त्यात टाकल्या गेल्या. कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी बहुसंख्यांनी या योजनेविरुद्ध मत दिले होते. गोऱ्यांच्या ऐक्याला त्यांच्या संमतीची गरज पडली नाही. हा विभाग बरखास्त व्हायला १९६८ साल लागले, तेव्हा आजचे युनायटेड मेथडिस्ट चर्च जन्माला आले.

तर मग मी प्रादेशिक रचनेच्या बाजूने कसा? कारण २०२५ ची रचना त्याच नावाची असली तरी तिचे एक कारण अगदी रास्त आहे, आणि ते समजायला भारताकडे पाहावे लागते. अमेरिकेबाहेरच्या चर्चना स्थानिक गरजेनुसार नियम बदलण्याची मुभा देणाऱ्या ‘सेंट्रल कॉन्फरन्स’ची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पहिल्यांदा भारतासाठी अमलात आली. अमेरिकी मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी १८७०-७१ नंतर मुंबईत उभारलेल्या मंडळ्या, जॉर्ज बोवेन यांच्यासारखा मिशनचा पगार नाकारून मुंबईच्या वस्तीत साधेपणाने राहिलेला माणूस, उत्तर भारतातले मिशन, या सगळ्यांना न्यूयॉर्कला बसून चालवता येत नाही हे तेव्हाच कळले होते. पण या सोयीत एक खाच होती. भारताला, पुढे आफ्रिका आणि फिलिपिन्सला नियम जुळवून घेण्याची परवानगी मिळाली. अमेरिकेला अशी परवानगी लागत नव्हती, कारण अमेरिकेचा नियम हाच सर्वांचा नियम होता. मुख्य चर्च आणि त्याच्या शाखा, असे ते नाते. आफ्रिकेतली सभासदसंख्या वाढली आणि पारडे फिरले, तेव्हा अमेरिकेतल्या चर्चचे घरगुती प्रश्नही जगभरच्या मतांनी ठरू लागले. २०१९ च्या निकालात आफ्रिकी मतांचा वाटा मोठा होता. आफ्रिकेतल्या वाढीचे आकडे वार्षिक अहवालात अभिमानाने छापणाऱ्या अमेरिकी उदारमतवाद्यांना त्या वाढीने मत दिल्यावर ती अचानक मागास वाटू लागली, हे मला त्या सबंध प्रकरणातले सर्वांत लाजिरवाणे वाटते.

प्रादेशिक रचनेने हे नाते बदलते. आता अमेरिका हाही इतरांसारखा एक प्रदेश आहे. शिवाय ही योजना अमेरिकेने लादलेली नाही; तिचा एक प्रमुख मसुदा २०१९ मध्ये फिलिपिन्स, आफ्रिका आणि युरोपातल्या मेथडिस्टांनीच मांडला होता. १९३९ मध्ये ज्यांना वेगळे काढले जात होते त्यांचा विरोध होता; या वेळी ज्यांना स्वायत्तता मिळते त्यांतल्या बहुतांशांनी ती मागितली. हा फरक मोठा आहे.

परंपरावाद्यांचा आक्षेप तरीही हलका नाही. ते विचारतात की, जे अमेरिकेतल्या शार्लटमध्ये सत्य आहे ते युगांडातल्या कंपालामध्ये असत्य कसे असेल? २०२४ च्या शार्लट अधिवेशनाने समलिंगी पाळकांवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठवली, दुसऱ्या दिवशी १९७२ चे ‘विसंगत’ हे विधानही काढून टाकले. यानंतर काही आठवड्यांतच आयव्हरी कोस्टच्या चर्चने, ज्याची सभासदसंख्या दहा लाखांहून अधिक होती, बाहेर पडायचे ठरवले. नायजेरियात फूट पडली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तराबा राज्यातल्या एका गावात दोन गटांच्या संघर्षात माणसे मारली गेली. प्रदेशाला अधिकार दिल्याने वाद मिटतो असे मानणाऱ्यांनी या घटना नीट पाहाव्यात. पण परंपरावाद्यांना माझा उलट प्रश्न असा की, १८०८ च्या त्या हजार प्रतींविषयी ते काय म्हणतील? सत्य सर्वत्र एक असेल, तर ते दुर्बलांच्या बाजूने उभे राहतानाही एकच असायला हवे.

ब्रिटनमधल्या मेथडिस्टांनी जून २०२१ मध्ये दुसरा मार्ग घेतला. त्यांच्या कॉन्फरन्सने २५४ विरुद्ध ४६ मतांनी समलिंगी विवाहांना परवानगी दिली, पण ज्या पाळकाची किंवा मंडळीची श्रद्धा ते मान्य करत नाही तिच्यावर सक्ती ठेवली नाही. तिथे स्वातंत्र्य नकाशावरच्या सीमेला मिळाले नाही, माणसाच्या सदसद्विवेकाला मिळाले. मला हा मार्ग अधिक सच्चा वाटतो, कारण प्रादेशिक तहात मतभेद देशांच्या सीमांवर वाटले जातात, आणि एखाद्या देशातला अल्पमतवाला त्या देशाच्या बहुमताच्या स्वाधीन होतो. अमेरिकेतल्या समलिंगी पाळकाला २०२४ मध्ये न्याय मिळाला. पण युगांडात २०२३ च्या कायद्याने समलिंगी संबंधांना जन्मठेप आणि काही प्रकारांत मृत्युदंड ठेवला आहे, आणि तिथेही या चर्चच्या मंडळ्या आहेत. तिथला एखादा समलिंगी मेथडिस्ट या तहात कुठे बसतो? ‘तुमची संस्कृती, तुमचा नियम’ असे म्हणून अमेरिकेतले उदारमतवादी समाधानाने आपले घर आवरायला मोकळे झाले, तर ती स्वायत्तता नसून हात झटकणे ठरेल.

आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. दक्षिण भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये जात ही सामाजिक रीत आहे, श्रद्धेचा प्रश्न नाही, असे म्हणून वेगवेगळ्या रांगा आणि प्रभुभोजनाचे वेगवेगळे प्याले दीर्घकाळ चालू होते. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा प्रकार ताबडतोब बंद करा असा हुकूम काढला तेव्हा त्यांच्यावरही परक्याने आमच्या संस्कृतीत ढवळाढवळ केल्याचा आरोप झाला, आणि कित्येक उच्चवर्णीय ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. विल्सन परके होते हे खरेच. पण प्याला वेगळा ठेवला जात होता ज्यांच्यासाठी, त्यांना तो हुकूम परका वाटला असेल का?

भारतातल्या मेथडिस्टांनी तर स्वायत्ततेचा पुढचा टप्पाही पाहिला आहे. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होताना अमेरिकी परंपरेतले इथले मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिले, आणि १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून पूर्ण स्वायत्त झाले. म्हणून शार्लटच्या मतदानात भारताचे मत नव्हते. स्वायत्तता मिळणे न्याय्यच होते. पण वरचा आधार गेला की वरचा जाबही जातो, आणि निरनिराळ्या संप्रदायांच्या जमिनींचे दावे वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळताना पाहिलेल्या इथल्या ख्रिस्ती माणसाला जाब विचारणारे कोणी नसणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

नव्या रचनेत नियमग्रंथाचा काही भाग सर्वांना समान राहणार आहे आणि काही भाग प्रदेशांना बदलता येणार आहे. कोणते प्रकरण कोणत्या भागात जाते यावर येत्या काळात खरी लढाई होईल, आणि २०२८ ची जनरल कॉन्फरन्स तिचे मैदान असेल. विवाहाची व्याख्या, दीक्षेच्या अटी, उपासनेची रीत प्रदेशांकडे जाऊ द्यावी. त्यावर चर्चने आणखी पन्नास वर्षे घालवू नयेत. मात्र कोणत्याही सरकारच्या, माणसाला त्याच्या लैंगिकतेबद्दल तुरुंगात किंवा फासावर पाठवणाऱ्या कायद्याला चर्चच्या कोणत्याही प्रदेशाने पाठिंबा देऊ नये, हे समान भागात, कोणाला न बदलता येईल असे लिहिले गेले पाहिजे. चर्चच्या सामाजिक तत्त्वांत सर्वांच्या मूलभूत मानवी हक्कांचे विधान आधीपासून आहे, पण ती तत्त्वे कायद्यासारखी बंधनकारक नसतात. त्याचबरोबर प्रादेशिक नियमाखाली काढून टाकलेल्या पाळकाला किंवा सभासदाला चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळाकडे थेट दाद मागता यावी, आणि त्या अपिलाचा, प्रवासाचा आणि भाषांतराचा खर्च सर्व प्रदेशांच्या सामाईक निधीतून व्हावा. शार्लटला कित्येक आफ्रिकी प्रतिनिधी व्हिसा न मिळाल्याने पोहोचू शकले नव्हते. निवडून आलेल्या प्रतिनिधीची ही गत, तर मंडळीतून हाकलल्या गेलेल्या एकट्या माणसाच्या हातात विमानाचे तिकीट कोण देणार, याचे उत्तर नियमातच असायला हवे.